जलसा ते गायन स्पर्धा : कर्जत-खालापूर पट्ट्यातील भीमगीतांची वाटचाल

आपल्या विहाराच्या वर्धापन दिनाच्या स्मरणिकेसाठी तरुण मुलामुलींच्या भीमगीत गायन स्पर्धेवर चार शब्द लिहा, असे मंडळाने आम्हाला सांगितले. आम्ही काही लेखक नव्हे. शाळा जेमतेम झाली, पुढचे शिक्षण गिरणीतल्या पाळ्या सांभाळून, मिळेल ते पुस्तक वाचून. तेव्हा भाषेत काही कमीजास्त झाल्यास समाजबांधवांनी आणि भगिनींनी सांभाळून घ्यावे.

गायन स्पर्धा म्हटली की आजच्या पोरांच्या डोळ्यासमोर काय येते? संयुक्त जयंती महोत्सवाचा मंडप, लहान गट आणि मोठा गट, पाच मिनिटांची वेळ, तीन परीक्षक, कुणा कालकथित व्यक्तीच्या स्मरणार्थ ठेवलेली ट्रॉफी आणि रोख रक्कम. गाणाऱ्याने मोबाईल ध्वनिक्षेपकवाल्याकडे द्यायचा, त्याने कराओके ट्रॅक लावायचा आणि मग गाणे सुरू. कर्जत, नेरळ, कशेळे, कडाव, इकडे खोपोली, खालापूर, चौक, मोहोपाडा, कुठेही जा, थोड्याफार फरकाने हेच दिसते. हे वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. पण हे असेच चालत आले आहे असा जो समज आहे तो खरा नाही. आमच्या लोकांत गाण्याची चढाओढ फार जुनी आहे, आणि तिच्यात परीक्षा आवाजाची कमी आणि शब्दांची जास्त असायची.

मागे जायचेच तर थेट कोंदिवड्याला जाऊ. कर्जतहून उल्हास नदीच्या कडेने राजमाचीच्या पायथ्याला गेले की कोंढाणे लेणी लागतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे चैत्यगृह आणि विहार. तिथे ब्राह्मी अक्षरांत कोरलेले आहे की हे काम कण्हाचा शिष्य बलक याने केले. त्याच दर्शनी भागावर नाचणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या जोड्या कोरल्या आहेत. म्हणजे आपल्याच तालुक्यात, आपल्याच धम्माच्या दगडी घरावर, नाच आणि करणाऱ्याचे नाव ही दोन्ही शेजारी शेजारी आहेत. शाळेच्या सहली तिकडे जातात, धबधब्यात भिजून परत येतात. त्या जोड्या पोरांना कुणीतरी दाखवायला हव्यात.

हे सांगण्याचे कारण असे की विहारात गाणी नकोत, असे म्हणणारे उपासक आपल्यात पूर्वीपासून आहेत. अष्टशीलात नृत्य, गीत, वादन यांपासून दूर राहण्याचे शील येते, ते त्यांच्या मनात असते. ते शील उपोसथ पाळणाऱ्यांसाठी आहे आणि भिक्खूंसाठी आहे. रोजच्या पंचशीलात ते नाही. विनयपिटकात भगवंतांनी भिक्खूंना लांबलचक ताना घेऊन धम्म म्हणण्यास मनाई केली आहे आणि तिची कारणेही दिली आहेत. म्हणणारा स्वतःच्याच आवाजावर भाळतो, ऐकणारेही आवाजावर भाळतात, आणि पुढची पिढी तोच कित्ता गिरवते. किती नेमके सांगितले आहे बघा! आणि दुसऱ्या बाजूला दीघनिकायात सक्कपञ्ह सुत्त आहे. राजगृहाजवळच्या गुहेत भगवान बसलेले असताना पंचशिख गंधर्व वीणा वाजवून गातो. त्या गाण्यात बुद्ध आहे, धम्म आहे, अरहंत आहेत आणि चक्क त्याचे स्वतःचे प्रेमही आहे. भगवान रागावत नाहीत. तुझी तार आणि तुझा कंठ एकमेकांशी जुळतात असे ते म्हणतात, आणि लगेच विचारतात की ही गाथा तू केव्हा रचलीस. गाणे रचले केव्हा, हा पहिला प्रश्न. आम्ही आजवर ज्या ज्या स्पर्धेला श्रोते म्हणून बसलो, तिथे परीक्षकांनी हा प्रश्न विचारलेला आम्ही ऐकलेला नाही.

आता अलीकडच्या काळाकडे वळू. महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला. त्या चळवळीतून पुढे सत्यशोधक जलसे उभे राहिले. तमाशाचा साचा तोच, गण, गौळण, वग, सगळे तेच. पण आतला माल बदलला. शेतकऱ्याला कोण लुबाडतो, पोरांना शाळेत का घालायचे, लग्नात भटाला पैसे का द्यायचे, हे सोंगाढोंगातून सांगायचे. हाच साचा १९३० च्या दशकात आंबेडकरी जलशांनी उचलला. नाशिककडचे शाहीर भीमराव कर्डक यांचा जलसा त्यात अग्रभागी होता, आणि त्यांनी पुढे ‘आंबेडकरी जलसे’ या नावाने त्याचा इतिहासही लिहून ठेवला. आपल्या दहा सभांचे काम एक जलसा करतो, अशा अर्थाचे बाबासाहेबांचे बोलणे जुनी माणसे आवर्जून सांगत. त्या वेळचा समाज बघा. शंभरात वाचता येणारे किती? वर्तमानपत्र घ्यायला पैसे कुणाकडे? महाडला २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले. महाड म्हणजे तेव्हाच्या आपल्याच कुलाबा जिल्ह्यातले. पण ते का घेतले आणि पुढे २५ डिसेंबरला मनुस्मृती का जाळली, हे डोंगराच्या कुशीतल्या वस्तीवरच्या म्हातारीला कोण सांगणार? ते गाण्याने सांगितले.

आमच्या पट्ट्यात हे गाणे आले कसे, त्याची एक गंमत आहे. खोपोलीपर्यंत आगगाडी १८५६ मध्येच आली, आणि घाट फोडून ती वर गेली १८६३ मध्ये. मग टाटांनी लोणावळा, वळवण आणि शिरवट्याच्या तलावांचे पाणी नळांतून घाटाखाली सोडून खोपोलीला वीजघर उभे केले. तिथली वीज १९१५ पासून मुंबईच्या कापड गिरण्यांना जाऊ लागली. १९२२ ला कर्जत तालुक्यात भिवपुरीचे वीजघर झाले. त्या विजेवर परळ-लालबागचे साचे फिरत होते, आणि डोक्यावरून तारा जात असताना आमच्या वस्त्यांत मात्र कंदील. जलशाला पेट्रोमॅक्स भाड्याने आणायची आणि तिचे भाडे वर्गणीतून द्यायचे. इकडून वीज गेली, तिच्या मागोमाग माणसेही गेली. गिरणीत, गोदीत, रेल्वेत. वरळी आणि नायगावच्या बी.डी.डी. चाळींत, माटुंगा लेबर कॅम्पात ती राहिली. तिथे त्यांनी गाणे ऐकले आणि सुट्टीला गावी येताना ते घेऊन आली. विजेच्या बदल्यात आम्हाला गाणे मिळाले, असे आम्ही गमतीने म्हणतो. सौदा अगदीच तोट्याचा झाला नाही.

बाबासाहेबांची पहिली सार्वजनिक जयंती जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी १४ एप्रिल १९२८ रोजी पुण्यात केली. आमच्याकडे जयंती १४ एप्रिलला सुरू होते ती बुद्धपौर्णिमेपर्यंत, कधी मे अखेरपर्यंत चालते. बाहेरगावचे लोक त्यावर हसतात. पण त्याला कारण आहे. मुंबईच्या चाकरमान्याला रजा मिळणार मे महिन्यात, आणि पेटीवाला, ढोलकीवाला चार गावांत मिळून एकच. सगळ्यांनी एकाच दिवशी जयंती केली तर वाजवणार कोण? म्हणून गावे तारखा वाटून घेत.

त्या जयंतीत रात्री सामना व्हायचा. दोन पार्ट्या, समोरासमोर. कोकणात शक्ती-तुऱ्याची सवाल-जवाबाची रीत होतीच, तिला मुंबईच्या कव्वालीच्या मुकाबल्याची जोड मिळाली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. त्यानंतर गण गेला, गौळण गेली, देवादिकांचे सवाल गेले. त्यांच्या जागी प्रथम बुद्धवंदना आली आणि नवे सवाल आले. एका पार्टीने गाण्यात विचारायचे की सिद्धार्थाने घर सोडले ते नेमके कशामुळे. दुसऱ्या पार्टीने उत्तर गाण्यातच द्यायचे. शाक्य आणि कोलिय यांच्यातला रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा, बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मांडलेला, असा फडावर यायचा. उत्तर आले नाही तर पार्टी हरली. गळा कितीही गोड असो, हरली म्हणजे हरली. त्यामुळे गाणाऱ्याला वाचावे लागे, स्वतःला वाचता येत नसेल तर पोराकडून वाचून घ्यावे लागे. मध्येच कुणी दोन रुपये बक्षीस द्यायचा आणि त्याचे नाव, गाव, कुणाच्या स्मरणार्थ, सगळे पुकारावे लागायचे. निम्मी रात्र त्यातच जायची, हेही खरे आहे. जुने ते सगळे सोने होते असे आम्ही म्हणणार नाही. बाई फडावर उभी राहायची नाही. बाईचे काम पुरुषानेच लुगडे नेसून करायचे.

महाकवी वामनदादा कर्डकांचे नाव घेतल्याशिवाय हा इतिहास पुढे सरकत नाही. १५ ऑगस्ट १९२२ ला सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीला जन्म, आणि १५ मे २००४ ला निधन. मुंबईत कामगार वस्तीत वाढलेल्या या माणसाला तरुणपणी अक्षर येत नव्हते. कुणीतरी पत्र वाचून दाखव म्हणाले आणि ते वाचता आले नाही, त्याची लाज वाटून ते अक्षर शिकले. १९४३ मध्ये पहिले गाणे लिहिले, आणि मग हजारो लिहिली. खेडोपाडी स्वतः गात फिरले. त्यांचे बरेच समकालीन असेच, दिवसा काम आणि रात्री गाणे. प्रल्हाद शिंदे त्याच वर्षी २३ जूनला गेले. पाच-सहा आठवड्यांत दोन्ही आवाज गेले. नायगावचे विठ्ठल उमप तर २६ नोव्हेंबर २०१० ला नागपूरला दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमात, मंचावरच कोसळले. शाहीर विलास घोगरे यांनी रमाबाई नगरच्या ११ जुलै १९९७ च्या गोळीबारानंतर चार दिवसांनी जीवन संपवले. आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ या २०११ च्या माहितीपटाची सुरुवात त्यातूनच झाली. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी तो विहारात लावून एकदा एकत्र बसून पाहावा.

१९८० नंतर कॅसेट आली, आणि आमच्या मते सगळ्यात मोठा बदल तिने केला. आम्ही तेव्हा शाळकरी पोरे. ज्याच्या घरी टेपरेकॉर्डर त्याच्या ओट्यावर गर्दी. शिंदे घराण्याचा आवाज घराघरात गेला. वस्तीवरच्या म्हातारीलाही गाणी पाठ झाली. चळवळीला कॅसेटने बळ दिले यात शंका नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची गाणी १९९४ पर्यंत आणि नंतरही तिच्यावरूनच पसरली. पण एक गोष्ट हळूच घडली. कॅसेटच्या खोक्यावर गायकाचा फोटो मोठा आणि कवीचे नाव मुंगीएवढे. फडावर गाणारा शेवटच्या कडव्यात कवीचे नाव घ्यायचाच, ती नाममुद्रा हीच त्याची सही. कॅसेटसाठी गाणे कापताना कित्येकदा ते कडवेच जायचे. मुंबईत शिक्षकाची नोकरी करून हरेंद्र जाधव यांनी आयुष्यभर गाणी लिहिली, २०२१ मध्ये ते गेले. वामनदादांचे शिष्य मुक्ताईनगरचे प्रतापसिंग बोदडे यांची गाणी तर प्रत्येक जयंतीच्या मिरवणुकीत वाजतात. आपल्या वस्तीतल्या पाच पोरांना या दोघांची नावे विचारून पाहा.

सामना मोडला त्याला आणखी कारणे झाली. टीव्ही आला. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले आणि रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करणे भाग पडले. रात्रभर चालणारी गोष्ट तीन तासांत कशी बसवणार? तेव्हा मंडळांनी मार्ग काढला तो स्पर्धेचा. संध्याकाळी सातला सुरू, दहाला बक्षीस वाटप. तो काही मूर्खपणा नव्हता. स्पर्धेने दोन चांगल्या गोष्टी केल्या. एक म्हणजे मुली मंचावर आल्या. आज लहान गटात मुलांपेक्षा मुलीच जास्त दिसतात. संभाजीनगरच्या कडूबाई खरात एकतारी घेऊन गायल्या आणि मोबाईलवरून सगळीकडे पोहोचल्या, त्याचाही पोरींवर परिणाम झाला. दुसरे म्हणजे पार्टीचे पैसे नसलेल्या वस्तीलाही कार्यक्रम करता येऊ लागला.

मग आमची तक्रार कशाबद्दल? सिनेमाच्या चालीबद्दल नाही. सिनेमाच्या चालीवर भीमगीत म्हणू नये असे काही विद्वान म्हणतात, ते आम्हाला पटत नाही. चाल ओळखीची असली की ऐकणाऱ्याचे कान शब्दांकडे लागतात. जुन्या शाहिरांना ते बरोबर कळले होते. आमची तक्रार आहे गुणांच्या कागदाबद्दल. सूर, ताल, सादरीकरण, वेशभूषा, ट्रॅकशी ताळमेळ. शब्द कुठे आहेत?

आपल्याच दोन तालुक्यांतल्या एका स्पर्धेत काही वर्षांपूर्वी आम्ही श्रोत्यांत बसलो होतो. गाव आणि मंडळ सांगत नाही, सांगण्याची गरजही नाही. बहुतेक मुलांनी तीच ती, मोबाईलवर गाजलेली पाच-सहा गाणी म्हटली. एक नववी-दहावीतली मुलगी आली, तिच्याकडे ट्रॅक नव्हता. हातात जुनी वही. तिच्या आजोबांनी लिहिलेले गाणे, त्यांच्या वस्तीला विहिरीवर पाणी भरू देत नसत त्या दिवसांचे. खाली बसलेल्या एका खंजिरीवाल्याने आपणहून ठेका धरला. मंडपात कुजबुज थांबली. म्हाताऱ्या बायांनी पदर डोळ्याला लावले. आणि कागदावर? ट्रॅक नाही म्हणून ताळमेळाचे गुण शून्य. उत्तेजनार्थसुद्धा नाही. परीक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांना जो कागद दिला तो त्यांनी भरला. पण ती मुलगी पुढच्या वर्षी ट्रॅक घेऊन आली, आणि वही घरी ठेवून आली. विहिरीचे ते गाणे आम्ही एकदाच ऐकले. आज त्याच्या दोन ओळीही आम्हाला आठवत नाहीत.

घाटापलीकडे पुणे जिल्ह्यात मुळशीकडच्या गावांतून हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या दोघांनी वर्षानुवर्षे फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. मराठवाड्यापर्यंत ते काम गेले, आणि ओव्यांची संख्या लाखाच्या वर आहे. त्यात बाबासाहेबांवरच्या, भीम-रमाईवरच्या ओव्याही आहेत, ज्यांना अक्षर येत नव्हते अशा बायांनी रचलेल्या. गोळा केले म्हणून ते राहिले. आमच्या इकडच्या पार्ट्यांची गाणी राहिली ती फक्त वह्यांत. शंभर पानी, कडेने तेल लागलेली, कुठे पानावर उसनवारीचा हिशेब, कुठे गाणे. माणूस गेला की पुण्यानुमोदन होते, घर आवरले जाते आणि वही रद्दीत जाते. गिरणीत कागदाच्या रद्दीचे गठ्ठे उतरताना आम्ही पाहिले आहेत, त्यात हस्तलिखित वही दिसली की हात थांबतो.

आणि नवे विषय संपलेत असेही नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. आमचे ठाकर बांधव झोपेत गाडले गेले. जुन्या काळी असे काही घडले असते तर आठ दिवसांत त्याचे गाणे झाले असते, आणि त्यात सवालही असता, की डोंगराच्या कडेला माणसे राहतात ती कुणामुळे? आमच्या नदीचे पाणी, कारखान्यातली कंत्राटी भरती, जमिनींचे दलाल, शिकलेल्या पोराला न मिळणारी नोकरी. हे सगळे आजच्या पोरांना आमच्यापेक्षा जास्त कळते. त्यांना गाणे लिहिता येणार नाही असे आम्ही मानत नाही. लिहिलेल्या गाण्याला गुण नाहीत, म्हणून कुणी लिहीत नाही.

म्हणून आपल्या मंडळापुढे आम्ही काही गोष्टी मांडल्या आहेत. गाणाऱ्याने गाण्याआधी कवीचे नाव सांगावे. माहीत नसेल तर शोधून यावे. शब्द आणि अर्थ यांना निम्मे गुण असावेत. परीक्षकाने गाणे झाल्यावर त्यातल्या एका ओळीचा अर्थ विचारावा. पेटी-ढोलकी मंडळाने पुरवावी, म्हणजे ट्रॅक नाही म्हणून कुणाचे अडणार नाही. आणि स्वतः लिहिलेल्या किंवा आपल्या घरच्या जुन्या गाण्याचा एक वेगळा गट असावा, त्याची ट्रॉफी पहिल्या क्रमांकाएवढीच मोठी. बैठकीत यावर बरीच वादावादी झाली. तरुण मुले म्हणाली, काका, ट्रॅक बंद केला तर स्पर्धक येणारच नाहीत. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. शेवटी ट्रॅक चालेल, पण त्याला वेगळे गुण नाहीत, इथवर एकमत झाले. निम्म्या गुणांचे अजून ठरायचे आहे.

तोवर एक काम आपल्या सगळ्यांच्या हातात आहे. ज्यांच्या घरी वडिलांची, आजोबांची, मामांची गाण्याची वही असेल त्यांनी ती रविवारी सकाळी वंदनेनंतर विहारात आणावी. वही मंडळ ठेवून घेणार नाही. तिथल्या तिथे मोबाईलवर पानांचे फोटो काढून वही त्याच दिवशी परत दिली जाईल. ज्यांच्या घरी वही नाही पण आईला किंवा आजीला गाणी, पाळणे, ओव्या पाठ आहेत, त्यांनी आजीलाच घेऊन यावे. रिक्षाचे भाडे मंडळ देईल.

जय भीम! नमो बुद्धाय!